कोमोच्या पावसात चुकीचा हात धरला

मिलानला पाच दिवसांच्या ट्रेनिंगला कोण जाणार, असं आमच्या मॅनेजरने विचारलं ती गुरुवारची आर्व्हो, म्हणजे इथल्या भाषेत दुपार, होती. सगळे घरी पळायच्या बेतात. माझा हात वर गेलाय हे मला तो वर गेल्यावर कळलं. मी सिडनीत हॉस्पिटलची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि कामासाठी आजवरचा माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे सिडनीपासून अडीच तासांवरचं न्यूकॅसल. आणि आता इटली! ट्रेननं घरी, वेंटवर्थव्हिलला पोचेपर्यंत मी फोनवर लेक कोमोचे किमान चाळीस फोटो पाहिले होते.

घरात शिरल्या शिरल्या आईला विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर इटलीला? शनिवारी तुला मोठ्ठं तळं दाखवते."

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू म्हणशील तसं."

आईचं हल्ली हेच उत्तर असायचं. बाबा गेले आणि महिन्याभरात मी तिला सांगलीहून इकडे आणलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जेवायला काय करू, देवळात जायचं का, सांगलीचा फ्लॅट विकायचा का, कायमच्या व्हिसाचे कागद भरायचे का, सगळ्याला एकच उत्तर. मला वाटायचं, चला, आई इथे छान रुळली. फ्लॅटसाठी एजंटशी बोलणंही सुरू केलं होतं.

एक सूचना आत्ताच देऊन टाकते. बरोबर येणाऱ्या आईवडिलांचा पासपोर्ट भारतीय असेल, तर आधी शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवा, मग तिकिटं काढा. मी उलटं केलं. व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत माझा नवरा निखिल रोज संध्याकाळी विचारायचा, "रिफंडेबल होतं ना गं ते?" नव्हतं.

ट्रेनिंगचे पाच दिवस आई मिलानच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होती. सकाळी निघताना मी बजावायचे, "एकटी फार लांब जाऊ नकोस हं." ती अजिबात गेली नाही. खालच्या बागेतल्या बाकापर्यंत जायची आणि परत यायची. सत्तर वर्षांची बाई, परका देश, भाषा येत नाही. मला ते अगदी योग्यच वाटलं.

अखेर शनिवार उजाडला, म्हणजे तसा उजाडलाच नाही. खिडकीबाहेर सगळं राखाडी आणि अंदाज दिवसभर पावसाचा. पण परतीचं विमान रविवारी. मी म्हटलं, पाऊस तर पाऊस! माझ्याकडे तळ्याकाठच्या गावांची एक्सेल शीट तयार होती. वारेना, बेलाजिओ, ट्रेमेझोच्या व्हिलाची बाग, पुन्हा बेलाजिओ. तिथे साडेचार ते सव्वापाच शॉपिंग. ईशान, माझा पंधरा वर्षांचा मुलगा, ती शीट बघून म्हणाला होता, "मम, दॅट्स नॉट अ हॉलिडे, दॅट्स अ प्रोजेक्ट."

मिलान सेंट्रालहून वारेनाला थेट लोकल गाडी जाते, तासाभराचा प्रवास. कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशिनमध्ये छाप मारून घ्या, नाहीतर दंड. आणि डबा कोणताही असो, डावीकडची खिडकी पकडा. लेक्को सुटलं की तळं त्या बाजूला येतं ते शेवटपर्यंत. तळं कसलं, डोंगरांच्या मधे लांबच लांब पसरलेलं पाणी! ढग इतके खाली की समोरच्या काठावरची गावं मधेच दिसायची आणि मधेच पुसली जायची. मी ओरडतच होते, "आई, ते बघ! आई, ते घंटाघर बघ!" समोर बसलेला इटालियन म्हातारा हसायला लागला. आईने घरून करून आणलेला भडंग त्याच्यापुढे धरला. त्याने चिमूटभर घेतला, तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि पुन्हा हात पुढे केला.

वारेनाला उतरलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. स्टेशनवरून धक्क्यापर्यंत दहा मिनिटांचा उतार आहे. पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत, दगडी फरशी भयंकर निसरडी होते. वाऱ्याने आमच्या दोन्ही छत्र्या उलट्या केल्या. धक्क्याजवळ एक माणूस डोक्यावरून घालायचे प्लास्टिकचे निळे पोंचो विकत होता. आम्ही दोन घेतले. बाकी सगळ्यांनीही तेच घेतले. पाच मिनिटांत अख्खा धक्का निळा झाला, जणू कुठल्यातरी शाळेची सहल आली आहे. तिथेच तळ्याच्या मधल्या भागातल्या बोटींचा दिवसभराचा पास काढला. दोनपेक्षा जास्त वेळा बोटीत बसणार असाल तर तोच परवडतो.

बोटीच्या आत काचेमागे न बसता आम्ही बाहेर उभ्या राहिलो. पावसाचे थेंब तळ्यावर उड्या मारत होते, वारा तोंडावर पाणी फेकत होता आणि समोरून बेलाजिओ येत होतं. पिवळी, गुलाबी, विटकरी घरं एकावर एक रचलेली. मला इतका आनंद झाला होता की मी आईला मिठीच मारली. दोन ओले पोंचो एकमेकांना चिकटले.

बेलाजिओत धक्क्यापासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकानं. कोमो म्हणजे रेशमाचा मुलूख. प्रत्येक दुसऱ्या दारात स्कार्फ लटकलेले. आईने पहिल्याच स्टँडवरचा एक स्कार्फ दोन बोटांत धरला आणि सोडून दिला. "पॉलिस्टर आहे गं." दुसरा. "हेही." मग पायऱ्यांच्या मध्यावर एक छोटं दुकान लागलं. हिरवं लाकडी दार, बाहेर काहीच लटकवलेलं नाही. आई थांबली. काचेला नाक लावून आत बघायला लागली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. सांगलीच्या कापड पेठेत शोभाताईंच्या साडीच्या दुकानात आईने अडतीस वर्षं काम केलं. गादीवर बसून गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. लग्नाचा बस्ता असला की लोक विचारायचे, "सुमनताई आहेत ना आज?" मी लहान असताना शाळेतून थेट तिथेच जायचे. तरीही त्या क्षणी मी काय म्हणाले असेन?

"आई, चल ना. शॉपिंग साडेचारला आहे."

"जरा आत जाऊन..."

"नंतर! आधी जेवू, मग दोनची बोट आहे ट्रेमेझोला."

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली आणि निघाली.

जेवण मात्र झकास झालं. शाकाहारी मंडळींनी 'पित्झोकेरी' मागवावं. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, त्यांत बटाटा, कोबी, लसूण आणि भरपूर चीज. आई म्हणाली, "कोबी-बटाट्याची भाजी शेवयांत पडलीय." आणि ताट स्वच्छ केलं. तळ्याकाठच्या हॉटेलांत टेबलावर बसण्याचे वेगळे पैसे लावतात, गल्लीत दोन वळणं आत गेलात तर बिल बरंच हलकं येतं. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या, स्वस्त पडते.

जेवणात वेळ गेला. धक्क्याकडे धावत गेलो तर तिथे चुकीची रांग. बेलाजिओत गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा धक्का वेगळा आणि माणसांच्या बोटींचा वेगळा, हे नीट लक्षात ठेवा. पुन्हा धावलो. बोट लागलेली, पाऊस मुसळधार, समोर निळ्या पोंचोंची गर्दी. मी एका हाताने फोनवरचा पास शोधत होते, दुसऱ्या हाताने आईचा हात घट्ट धरला आणि "चल, चल, सुटेल!" म्हणत फळीवरून बोटीत ओढला. आत खिडकीजवळची जागा पकडली. "इथे बस, आई. इथून छान दिसेल." बोट सुटली. मी घाम पुसला, म्हणजे पाऊसच पुसला, आणि शेजारी वळले.

शेजारच्या बाईने पोंचोची टोपी मागे सारली. खाली पांढरा शिरोवस्त्राचा कपाळपट्टा, गळ्यात क्रूस, सावळा गोल चेहरा, जाड चष्मा. त्या माझ्याकडे बघून अतिशय प्रेमाने हसल्या आणि चक्क हिंदीत म्हणाल्या, "मैं आपकी मदर नहीं हूँ. सिस्टर हूँ."

मी त्यांचा हात तेव्हाही धरलेलाच होता.

काचेतून मागे पाहिलं तर बेलाजिओचा धक्का लांब चालला होता आणि त्यावर निळे ठिपके उभे होते. त्यातला आई कोणता ते कळत नव्हतं.

 आईच्या फोनला रोमिंग नव्हतं. मी बरोबर असताना कशाला, असा माझा हिशेब. पासपोर्ट माझ्या बॅगेत. तिच्या पर्समध्ये बी.पी.च्या गोळ्या, रुमाल, थोडे युरो आणि भडंगाची उरलेली पुडी. मी उठून बोटीवरच्या माणसाला इंग्लिशमध्ये सांगू लागले, बोट मागे घ्या, माझी आई राहिली. तो फक्त खांदे उडवत होता.

सिस्टर शांतपणे उठल्या आणि फाडफाड इटालियनमध्ये त्याच्याशी बोलल्या. त्या मूळच्या कोट्टायमच्या, बावीस वर्षं इटलीत, ट्रेमेझोजवळच्या वृद्धाश्रमात नर्स. त्या माणसाने लगेच वायरलेसवरून बेलाजिओच्या धक्क्याशी संपर्क केला.  पलीकडून खरखरत उत्तर आलं. सिस्टरनी मान हलवली.

"वो बोल रहा है, जेटी पे कोई इंडियन लेडी नहीं है. बोट गई, तब थी. अब नहीं है."

ट्रेमेझोला उतरले. परतीची बोट पाऊण तासाने होती. ज्या व्हिलाच्या बागेसाठी एवढी धावाधाव केली तिचं फाटक समोर दिसत होतं. सांगितलं तर खोटं वाटेल, पण मी त्या बागेकडे एकदाही नीट पाहिलं नाही. तिच्याबद्दल काही विचारू नका. डोळ्यांसमोर फक्त त्या निसरड्या पायऱ्या आणि काठाला कठडा नसलेलं पाणी.

सिस्टरना पावणेतीनला ड्यूटी होती. तरी त्यांनी फोन करून उशीर होईल असं कळवलं आणि माझ्याबरोबर पत्र्याखालच्या बाकावर बसून राहिल्या. मी सारखी तेच बोलत होते. तिला भाषा येत नाही, तिने कधी एकटीने काही केलेलं नाही, मी तिला इथे आणायलाच नको होतं.

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपकी मदर को क्या अच्छा लगता है? सोचिए. वहीं गई होंगी."

  आईला काय आवडतं? सिडनीत मी तिला ऑपेरा हाउसला नेलं, ब्लू माउंटन्सला नेलं, हॅरिस पार्कला चाट खायला नेलं. प्रत्येक वेळी विचारलं, आवडलं ना? ती म्हणाली, हो. दीड वर्षात तिने आपणहून कशापाशी पाय थांबवलेला मी पाहिलाच नव्हता. फक्त त्याच दिवशी सकाळी, एका हिरव्या दारापाशी.

"दुकान," मी मराठीतच ओरडले. "रेशमाचं दुकान!"

सिस्टरना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी माझा हात दाबला. बोट आली. मी त्यांना वाकून नमस्कार केला तर त्या गडबडल्या आणि म्हणाल्या, "जाओ, जाओ. और इस बार चेहरा देख के हाथ पकड़ना."

बेलाजिओच्या त्या पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. हिरवं दार ढकललं. आत इतकी गर्दी की पाऊल ठेवायला जागा नाही, पावसामुळे सगळेच आडोशाला शिरलेले. आणि काउंटरच्या मागे, आतल्या बाजूला, आई उभी होती. पोंचो खुंटीवर टांगलेला, बाह्या वर सारलेल्या. समोर तीन अमेरिकन बायका. आईने एक गडद निळा स्कार्फ मनगटाच्या एका झटक्यात हवेत उलगडला, तो सळसळत तिच्या हातावर आडवा पसरला, आणि ती दिव्याखाली तो हलवत म्हणाली, "सी, सी. लाइट फ्रॉम धिस साइड, ब्लू. धिस साइड, मोर. प्युअर!" मग किनार बोटांत धरली. "हँड. नो मशिन." तिघींच्या तोंडून एकदम "ओह!" निघालं.

पलीकडे आईच्याच वयाची, पांढऱ्या आखूड केसांची मालकीण गल्ल्यावर होती, लुईझा तिचं नाव. तिची मदतनीस पावसामुळे येऊ शकली नव्हती. लोक स्कार्फ ओढून बघत होते आणि ढीग करून टाकत होते. आई आत आली आणि तिने न राहवून एका ढिगाच्या घड्या घालायला सुरुवात केली. लुईझाने आधी संशयाने पाहिलं. मग त्या घड्या पाहिल्या आणि काउंटरची फळी वर उचलून तिला आत घेतलं. हे सगळं मला नंतर आईने सांगितलं. त्या क्षणी मी दारात उभी राहून रडत होते.

"आई!"

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. आणि मग ती म्हणाली, "आलीस? थांब जरा, हे गिऱ्हाईक होऊ दे."

मी थांबले. ओल्या कुत्र्यासारखी कोपऱ्यात उभी राहिले आणि माझ्या आईला काम करताना पाहिलं. कुणाच्या गळ्यात कोणता रंग उठून दिसेल हे ती दोन सेकंदांत ठरवत होती. एका बाईने भडक केशरी उचलला, आईने मान ठामपणे हलवून तो काढून घेतला आणि तिच्या हातात करडा-गुलाबी दिला. बाईने आरशात पाहिलं आणि आईचे हात हातात घेतले. लुईझा इटालियनमध्ये बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कापडाबद्दल एकमत होतं.

गर्दी ओसरल्यावर लुईझाने आतून तीन कॉफ्या आणल्या. मग मी आईला विचारलं, "तू घाबरली नाहीस?"

"घाबरले तर! बोट गेली, तू दिसेनास.  दोन मिनिटं तिथेच उभी होते. मग म्हटलं, मेधा येणार तर आहेच, तोवर इथे भिजून आजारी कशाला पडा? वाट ठाऊक असलेली हीच एक जागा होती. हात कामाला लागले आणि भीती गेली."

मग आमची खरेदी झाली. मी ईशानच्या टीचरसाठी, शेजारणीसाठी, ऑफिससाठी मिळून सहा बारके स्कार्फ उचलले होते. आईने पाच परत ठेवले. "ही उगाच खरेदी. एक घे, पण चांगला घे." तिने माझ्यासाठी मोरपंखी निवडला. मी तो रंग कधीच घेतला नसता. लुईझाने किंमत पुष्कळ उतरवली. आईने तिला आणखी कमी करायला लावली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "दुकानदाराने आपणहून सोडलं की घासाघीस करू नये."

कोमोला खरेदी करणाऱ्यांसाठी आईचा सल्ला जसाच्या तसा देते: किनार बघा. हाताने गुंडाळून टाचलेली किनार फुगीर असते, मशिनची चपटी. आणि स्टँडवर तीन-तीन एकत्र विकायला ठेवलेल्या ढिगाकडे बघू नका.

परतीच्या गाडीत डबा जवळपास रिकामा होता. पाऊस थांबला होता आणि तळ्यावर वाफेसारखं धुकं उठत होतं. लेक्को आलं तेव्हा आईने भडंगाची उरलेली पुडी उघडली. मग म्हणाली, "मेधा, सांगलीचा फ्लॅट विकू नकोस."

मी वळून पाहिलं.

"मला परत जायचंय. शोभाताईंची सून अजून विचारते, सुमनताई सकाळचं याल का. मी तिला काहीच कळवलं नाही."

"मग मला का नाही बोललीस? मी दहा वेळा विचारलं असेल."

"तू विचारायचीस तेव्हा तुझं ठरलेलं असायचं." ती रागाने बोलत नव्हती. "तुझे बाबा गेले तेव्हा तू मला न विचारता उचलून आणलंस ना, ते बरं केलंस. तेव्हा मला कुणीतरी उचलायलाच हवं होतं. आता नको."

मी वाद घातला. बी.पी., पायऱ्या, रात्री काही झालं तर, शेजारी कोण आहे, सगळं काढलं. काही मुद्दे बरोबर होते आणि अजूनही आहेत. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आजारी पडले तर सांगेन. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगणार?" मिलानच्या अलीकडचं मोंझा स्टेशन येईपर्यंत आमचं ठरलं होतं. वर्षातले आठ महिने सांगलीत तिचे आणि उरलेले चार, सिडनीत थंडी नसताना, आमचे.

विमानात मी एजंटला मेल लिहून काढली आणि सिडनीत उतरल्यावर पाठवली. निखिलला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसून हसून लोळला, कारण ननचा हात. मग गंभीर होऊन म्हणाला, "मला वाटायचं त्यांना इथे आवडतंय." ईशान म्हणाला, "आजी वॉज बोर्ड आउट ऑफ हर माइंड, मम. एव्हरीवन न्यू दॅट." सगळ्यांना माहीत होतं म्हणे!

दोन महिन्यांनी आई सांगलीला गेली. विमानतळावर मी रडले, ती रडली नाही.

तर कोमोला जावं का? जरूर जा. पावसातसुद्धा जा, किंबहुना पावसातच जा. सूर्यप्रकाशातले फोटो सगळ्यांकडे आहेत, ढगांतून मधेच डोकावणारी गावं फक्त भिजलेल्यांनाच दिसतात. दिवसभरात दोन गावं पुरे, तिसरं राहू द्या. बरोबर कुणी मोठं माणूस असेल तर त्याच्या फोनवर रोमिंग घ्या, हॉटेलचा पत्ता त्याच्याकडेही असू द्या, आणि ते जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. मी ट्रेमेझोची बाग पाहिली नाही, पण माझी आई तिच्या कामात किती पटाईत आहे हे मी सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रथमच नीट पाहिलं. मला हा सौदा महाग वाटत नाही.

परवा शनिवारी वेंटवर्थव्हिलला भाजी आणायला गेले होते. तिथून आईला व्हिडिओ कॉल लावला, सांगलीत सकाळचे साडेअकरा. पडद्यावर आधी छत दिसलं, मग लाल-हिरव्या साड्यांचा ढीग, मग आईची हनुवटी.

"बोल पटकन."

"काही नाही गं, सहजच. जेवलीस?"

"जेवायला वेळ आहे का? लग्नाचा बस्ता आलाय, पंधरा माणसं बसलीत. ठेव, मी करते तुला."

आणि तिने फोन ठेवला.